कष्टांची शिकवण लेकीला, सातबारा लेकाला

दहावी-बारावीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की बातम्यांचा एक साचा ठरलेला असतो. हमालाची मुलगी फौजदार झाली, रिक्षावाल्याची लेक सीए झाली, ऊसतोड मजुराची पोर डॉक्टर झाली. मुलगी सांगते की वडिलांना पहाटेपासून राबताना पाहिलं, जिद्द तिथूनच आली. यात खोटं काही नसतं. राबणाऱ्या घरातल्या मुलीला पैशाची किंमत, वेळेची शिस्त आणि अडचणीत डगमगायचं नाही हे सांगावं लागत नाही, हेही खरंच. पण ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते तेव्हा बापाचे कष्ट हळूहळू मुलीवरचे उपकार होऊन बसतात, आणि उपकार म्हटले की ते फेडणं आलं. मुलगा तेच कष्ट वारसा म्हणून घेतो. त्याला कोणी फेड मागत नाही. कष्टाळू बापाची ही उपकारकथा मुलीला त्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या जमीनजुमल्यापासून आणि बापाच्या व्यवहारज्ञानापासून लांब ठेवायच्या कामी येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचा पुरावा पाहायचा तर तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात कुठल्याही कामाच्या दिवशी जावं. वडील गेल्यावर वारसनोंद होते, सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावं चढतात, आणि मग हक्कसोडपत्राची घाई सुरू होते. बहिणींना आणायला गाडी जाते, साडीचोळी होते, कागद आधीच टाइप झालेला असतो. अंगठा, फोटो, सही. राजीखुशीने करताय का, असं विचारलं की 'हो' येतं, आणि बहुतेक वेळा ते मनापासूनच येतं. कारण रस्ताभर एकच वाक्य ऐकवलेलं असतं: आबांनी हाडं झिजवून राखलेली जमीन आपण वाटून घालवायची का? पुढे फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर बहिणीच्या नावाला कंस पडतो. बापाच्या कष्टांचा आदर म्हणजे बहिणीने हक्क सोडायचा, असा अर्थ इथे सरळ लावला जातो. भावानेही तेवढ्याच कष्टी बापाच्या पोटी जन्म घेतलेला असतो, पण त्याच्या आदराची परीक्षा कधीच होत नाही.

कायद्यात कसर राहिलेली नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत हिंदू वारसा कायद्याने मुलीचा समान वाटा 1956 पासूनच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्ये केली. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ही उणीव केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने दूर झाली. वडील तेव्हा हयात होते की नव्हते यावरचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला. शेजारच्या गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यानुसार बापाला मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक मालमत्ता मुलांना डावलून इतरांना देताच येत नाही. तरीही देशभरात काम करणाऱ्या बायकांपैकी 60 टक्क्यांहून अधिक शेतीत असताना, 2015-16 च्या कृषी गणनेत वहितीधारकांमध्ये बायकांचं प्रमाण जेमतेम 14 टक्के निघालं. कायदा आणि सातबारा यांच्यातली ही दरी सगळीच धाकदपटशाने पडलेली नाही. बरीचशी मायेने पडली आहे.

जमिनीपेक्षाही जास्त नुकसान व्यवहारज्ञानाचं होतं, आणि त्याची चर्चा तर अजिबात होत नाही. शेतकऱ्याच्या किंवा छोट्या धंदेवाल्याच्या कष्टांत घाम असतो तेवढंच डोकंही असतं. माल कोणत्या आडत्याकडे टाकायचा, हिशोबपट्टीत हमाली-तोलाई किती कापली ते कसं ताडून पाहायचं, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केव्हा करायचं, सामाईक विहिरीवरची आपली पाळी कशी राखायची, बांध सरकला तर मोजणीचा अर्ज कुठे द्यायचा. हे शहाणपण मुलगा मोटारसायकलवर मागे बसून मार्केट यार्डात शिकतो. त्याच वेळी मुलगी भाकरी बांधून देते, खुरपायला जाते आणि बापाच्या थकव्याची साक्षीदार होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त घरांतून हेच वारंवार समोर आलं: नवऱ्यामागे उरलेल्या कितीतरी बायकांना सावकाराचं देणं किती, कागद कोणाकडे, हेच माहीत नव्हतं. त्या कष्टात कुठे कमी पडल्या होत्या? जन्मभर राबूनही हिशेबाची वही त्यांच्या हाती कोणी दिली नव्हती.

वही हाती देणारे बाप आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असलेल्या बुलढाण्याच्या बापूजी हरी शिंदे यांनी आपल्या लेकीला, ताराबाईंना मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं, आणि 1882 मध्ये त्या 'स्त्रीपुरुष तुलना' लिहू शकल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. त्यांनी शास्त्र्यांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि तिने ते मुलीच्या, रमाबाईंच्या हाती दिलं. मालमत्ता संपली तेव्हा पुराण सांगत गावोगाव फिरणं हेच त्या कुटुंबाचं पोटापाण्याचं साधन होतं. दुष्काळात आईवडील गेले तेव्हा रमाबाईंकडे जमिनीचा तुकडा नव्हता, पण बापाचा व्यवसाय पुरता अवगत होता. त्या जोरावर भावाबरोबर चालत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. ज्याच्याकडे वाटायला काहीच नाही त्याने मुलीला द्यायचं काय, या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

आक्षेप अर्थातच येतील. पहिला ठरलेला: मुलींना वाटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील. महाराष्ट्रातली सरासरी वहिती 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 पर्यंत ती 1.34 हेक्टरवर आली. या पंचेचाळीस वर्षांत बहुतेक घरांत मुलींना वाटा मिळालेलाच नाही. तुकडे भावाभावांतच पडले, आणि त्यांना 'वाटणी' म्हणून कोणी नावं ठेवली नाहीत. दुसरा आक्षेप लग्नखर्चाचा. सोनं दिलं, मानपान केला, आणखी काय हवं? पण त्यातलं बरंचसं सासरच्या घरात आणि जेवणावळीत जातं, हुंडा तर 1961 पासून गुन्हा आहे. शिवाय मुलाच्या लग्नाचा, डोनेशनचा, नोकरीसाठी मोजलेल्या पैशांचा आकडा त्याच्या वाट्यातून वजा केल्याचं ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी हलक्यात घेणार नाही. हक्क मागितला की माहेर तुटतं. सासरी जाच असलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बाईला भावाचं दार उघडं असणं दोन एकरांपेक्षा मोलाचं वाटलं तर तिला व्यवहार कळत नाही असं म्हणणं उद्धटपणाचं होईल. ती अगदी नीट व्यवहार करत असते; शहरात बसून तिला हक्कांचं भान शिकवणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. पण म्हणूनच ही जबाबदारी बहिणीवर टाकून चालत नाही, आणि बाप गेल्यावरच्या दिवसांवर तर मुळीच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सहधारकांच्या संमतीने शेतजमिनीचं वाटप वडिलांच्या हयातीतच होऊ शकतं. स्वकष्टार्जित जमिनीचं मृत्युपत्र करता येतं, बक्षीसपत्र करता येतं. आयुष्यभर राबलेल्या माणसाने हे स्वतः केलं तर बहिणीला तोंड उघडावं लागत नाही आणि भावालाही तिच्यावर रुसायला कारण उरत नाही. रुसायचंच असेल तर त्याने बापावर रुसावं. तहसील कचेरीत या कामासाठी जाताना मुलीला बरोबर न्यावं. कर्जाचा बोजा कुठे चढलेला आहे, पोटखराबा किती, विहिरीत आपला हिस्सा केवढा, हे उताऱ्यावर बोट ठेवून तिला दाखवायला बापाला दहा मिनिटंही लागणार नाहीत.