माळ्यावरचा संगणक : अडगळ की दप्तर?

इ. स. १०८६ मध्ये इंग्लंडच्या विल्यम राजाने आपल्या राज्यातील जमिनी, नांगर, कुरणे आणि पाणचक्क्या यांची गावोगाव मोजदाद करवून घेतली. चर्मपत्रावर लॅटिन भाषेत लिहिलेली ती नोंद ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. सव्वानऊशेहून अधिक वर्षे लोटली तरी लॅटिन व त्या काळची लेखनपद्धती जाणणारा अभ्यासक ती आजही वाचू शकतो. या नोंदीला नऊशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने तशीच नवी नोंद सिद्ध केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यातही प्रामुख्याने शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची माहिती, छायाचित्रे व नकाशे पाठविले. हे सारे दोन लेसर तबकड्यांवर साठविण्यात आले. त्या वाचण्यासाठी ‘बीबीसी मास्टर’ नावाचा संगणक आणि त्याला जोडलेले एक खास यंत्र लागे. ही सामग्री इतकी महाग होती की, ज्या शाळांतील मुलांनी माहिती गोळा केली त्यांतील बहुतेकींना ती घेणे परवडले नाही. पुढे ती यंत्रे बाजारातून गेली, बिघडली, आणि अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत राष्ट्राचा हा नवा दस्तऐवज जवळपास मुका झाला. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र बोलते आहे आणि कालची तबकडी मूक आहे, असे ते विचित्र दृश्य होते!

२००२ मध्ये लीड्स व मिशिगन या विद्यापीठांच्या संशोधकांनी ही माहिती आधुनिक संगणकावर पुन्हा चालवून दाखविली. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात ही मूळ यंत्रणा जपण्यात आली आहे. पुढील काळात काही हौशी अभियंत्यांनी तबकडीवरून निघणारा मूळ विद्युत्संकेतच टिपून ठेवण्याची साधने तयार केली. या सर्व कामाला एकच आधार होता. कोणीतरी, कोठेतरी, ते जुने यंत्र भंगारात न टाकता चालू स्थितीत ठेवले होते.

पाश्चात्त्य देशांत आणि जपानमध्ये जुने घरगुती संगणक व दूरचित्रवाणीला जोडून खेळायची खेळयंत्रे जमविण्याचा, दुरुस्त करण्याचा जो छंद गेल्या दोन-तीन दशकांत फोफावला आहे, त्याकडे आपल्याकडे ‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ म्हणून पाहिले जाते. डूम्सडेचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले तर हा शेरा किती घाईचा आहे हे कळते.

१९८० च्या दशकारंभी ब्रिटनमध्ये घरगुती संगणकाची लाटच आली होती. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये १२५ पौंडांपासून मिळू लागला. त्याच्या आधी काही महिने, डिसेंबर १९८१ मध्ये, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. बीबीसीने देशाला संगणकसाक्षर करण्याची मोहीम हाती घेतली होती व हा संगणक त्या मोहिमेचे वाहन होता. अमेरिकेतील कमोडोर ६४ हा याच काळातला. त्याची विक्री सव्वा कोटीच्या वर गेली. घरातल्या दूरचित्रवाणी संचालाच जोडायचे, साध्या ध्वनिफितीवरून कार्यक्रम चढवायचा, आणि यंत्र सुरू होताच समोर येई ती आज्ञा लिहिण्याची रिकामी जागा. मुलाला खेळ हवा असेल तर तो पुष्कळदा मासिकातून ओळ न् ओळ उतरवून घ्यावा लागे. एखादे अक्षर चुकले की खेळ चालत नसे. चूक शोधता शोधता मूल प्रोग्रॅमिंग शिकून जाई. आजच्या चकचकीत भ्रमणध्वनीवर मूल खेळते पुष्कळ, पण यंत्राच्या पोटात शिरण्याचा दरवाजा त्याला कोठेच सापडत नाही.

अशा यंत्रांचे पुनरुज्जीवन हे चिकाटीचे काम आहे. संगणकातील विद्युत्संधारित्रे, म्हणजे कपॅसिटर, काळानुसार वाळतात किंवा पाझरतात. त्यातला द्रव मंडलपट्टीवरील तांब्याच्या वाटा खाऊन टाकतो. अमिगा ५०० प्लस या संगणकातील घड्याळाची बॅटरी तर कुप्रसिद्धच आहे. ती फुटून शेजारच्या चिप्ससकट पट्टी गंजविते. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील कागदी कपॅसिटर अनेक वर्षांनी वीज मिळताच धूर ओकतात. स्पेक्ट्रमच्या स्मृतिचिप्सना तीन वेगवेगळ्या दाबांची वीज लागते; त्यातील एक बिघडली की चिप्स पटापट मरतात. कळफलकाखालचा पातळ पडदा ठिसूळ होऊन तडकतो. बाहेरचे प्लास्टिक पिवळे पडते, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन उन्हात ठेवण्याची युक्ती छंदिष्टांनी शोधली आहे. रंग परततो, पण पुष्कळदा काही वर्षांनी पिवळेपणाही परततो! जी चिप आता कोणीच बनवीत नाही तिच्या जागी बसणारी नवी चिप काही मंडळी स्वतः आखून करवून घेतात. ही सारी कामे पगारासाठी कोणी करीत नाही.

या मंडळींनी स्वतःला घालून घेतलेली एक शिस्त आपण विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. जो बदल करायचा तो उलटविता आला पाहिजे, काढलेला मूळ भाग पाकिटात घालून यंत्रासोबतच ठेवला पाहिजे, आणि काय बदलले याची लेखी नोंद राहिली पाहिजे, असा जाणत्या छंदिष्टांचा आग्रह असतो. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द मोठा पवित्र. पण हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणावर ऑईलपेंटचे भगवे-पिवळे हात मारणे आणि कोरीव खांबाला चकाकत्या फरशीचा वेढा घालणे हेही गावोगाव त्याच शब्दाखाली चालते. चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळण्यातला एक स्क्रू जपणारा माणूस आणि आठशे वर्षांपूर्वीचे शिल्प रंगविणारी समिती, यांत श्रद्धा कोणाची खोल, हा प्रश्न बोचरा असला तरी विचारला पाहिजे.

अर्थात या छंदाला बाजाराची कीड लागलेलीच नाही असे नव्हे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना लिलावात गेली. ती कोणी खेळणार नाही, उघडणार नाही; प्लास्टिकच्या पेटीत बंद राहून ती पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहणार. याला संग्रह म्हणणे म्हणजे सोन्याच्या सट्ट्याला अपरिग्रह म्हणण्यासारखे आहे. खरा संग्राहक यंत्र चालते ठेवतो. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने २०२४ मध्ये क्योटोजवळच्या उजी येथे, जेथे पूर्वी तिचे खेळण्याचे पत्ते तयार होत त्याच जुन्या कारखान्यात, स्वतःचे संग्रहालय उघडले. १८८९ मध्ये पत्ते बनविण्यापासून सुरुवात करणाऱ्या कंपनीला आपली वंशावळ सांगताना पत्त्यांची लाज वाटत नाही, ही गोष्ट साधी नाही.

आता भारताकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी घडविलेला ‘टिफरॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये त्याला हे नाव मिळाले. हे नाव आज अभियांत्रिकीच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? इंग्लंडने मँचेस्टरच्या १९४८ च्या ‘बेबी’ संगणकाची चालती प्रतिकृती त्याच्या पन्नाशीला, १९९८ मध्ये, पुन्हा उभी केली. तेथे १९८९ पासून संगणक जतनासाठी स्वतंत्र संस्था आहे. आपल्याकडे असा संकल्पही सोडलेला ऐकिवात नाही.

बीबीसी मायक्रोचा तर भारताशी थेट संबंध आहे. १९८४-८५ मध्ये शाळांत संगणक शिक्षण देण्यासाठी केंद्र सरकारने ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला, त्यासाठी हाच संगणक निवडला गेला. या योजनेतून सुमारे १२,००० संगणक राज्य सरकारांमार्फत माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्याने परवाना घेऊन ‘युनिकॉर्न’ या नावाने त्याची भारतीय आवृत्ती काढली. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्या कारखान्याला भीषण आग लागली आणि चिपनिर्मितीत पाऊल टाकू पाहणाऱ्या देशाची अनेक वर्षे जळून गेली. इकडे एकॉर्नच्या ज्या चमूने शाळांसाठी हा संगणक बनविला, त्याच चमूने १९८५ मध्ये एआरएम प्रोसेसर सिद्ध केला. त्याचे वंशज आज जगातील जवळजवळ प्रत्येक भ्रमणध्वनीत आहेत. एकाच यंत्रापासून निघालेल्या दोन वाटा कोठल्या कोठे गेल्या! २०२१ मध्ये भारताने सेमीकंडक्टर मोहीम जाहीर केली, तीत मोहालीच्या त्या कारखान्याच्या आधुनिकीकरणाचाही समावेश आहे, हे स्वागतार्हच आहे. पण या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुण अभियंत्याला पूर्वीच्या पिढीचा प्रयत्न हातात घेऊन पाहावासा वाटला, तर त्याने कोठे जावे? सरकारी शाळेतील वस्तूची आयुर्मर्यादा संपली की ती डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित होते आणि लिलावात किलोच्या भावाने जाते. युनिकॉर्नसाठी वेगळा नियम कोण करणार होते?

याहून जवळचा, मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न आहे. देवनागरी अक्षरे संगणकावर उमटविण्याचे मोठे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले व पुण्याच्या सी-डॅकने ते ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. हे तंत्र पहिल्या काळात एका कार्डाच्या रूपाने संगणकात बसवावे लागे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाले; युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्याच्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावरूनच घेतलेली आहे. हे स्वदेशी कर्तृत्व आहे आणि त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण युनिकोड रुळेपर्यंतच्या दीड-दोन दशकांत मराठी छापखान्यांनी, दिवाळी अंकांनी, संस्थांच्या अहवालांनी जे लक्षावधी शब्द जुळविले ते बहुधा निरनिराळ्या खासगी फॉन्टांत. प्रत्येकाची संकेतरचना वेगळी. अनेक प्रणाली तर संगणकाच्या मागे डोंगल नावाची कुलूपवजा डबी लावल्याखेरीज उघडतच नसत. त्या काळची फाईल आज उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. प्रचलित फॉन्टांसाठी रूपांतरक उपलब्ध आहेत हे खरे. पण आधी ती फ्लॉपी वाचली तर पाहिजे! तिच्यावरील चुंबकीय लेप झडतो आहे, बुरशी धरतो आहे, आणि ती वाचणारा चालू ड्राइव्ह बहुतेक कार्यालयांत शोधूनही सापडत नाही. मराठीचा हा अलीकडचा लेखनठेवा डूम्सडेच्याच वाटेने निघाला आहे.

कायदा येथे मदतीला येईल अशी आशा नको. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावशेष ठरत नाही, हस्तलिखिताला ही अट पंचाहत्तर वर्षांची आहे. म्हणजे १९८५ चा शाळेतला संगणक २०८५ मध्ये संरक्षणास पात्र होईल. तोवर त्याच्या कपॅसिटरने वाट पाहावी काय?

महाराष्ट्राला तरी ही वाट नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर उंदीर-वाळवीच्या तोंडी पडलेली दप्तरे त्यांनी बाहेर काढली. ज्यांच्या घरात ती होती त्यांतील अनेकांना तो रद्दी कागदच वाटत होता. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू जमविल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९६२ मध्ये तो सगळा शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ता हा कोणा राजाचा मुकुट नव्हे, तरी तो पाहून त्या काळचे घर डोळ्यांपुढे उभे राहते. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय मराठी घरात भाच्याच्या मुंजीत आलेले किंवा सुटीत हट्टाने घेतलेले ते स्वस्त खेळयंत्र, ‘नव्याण्णव लाख खेळ’ अशी थाप वेष्टनावर मारणारी ती कार्ट्रिज, आत भरलेले दहा-वीसच खेळ, हेही त्या काळच्या घराचेच वर्णन आहे. खंडेनवमीला आपण संगणकाला हळद-कुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. तोच संगणक मंद झाला की पुढच्या खंडेनवमीपर्यंत तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर असतो. शस्त्रपूजेमागचा कृतज्ञतेचा भाव केवळ चालत्या यंत्रापुरता कधीपासून झाला?

हे काम सरकारी अनुदानाची वाट न पाहताही सुरू होऊ शकते. शाळा चालविणाऱ्या संस्थांनी निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी ती एकदा नीट वाचावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एका कपाटाएवढी तरी जागा द्यावी. गल्लोगल्ली रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्त करणारे जे जुने कारागीर आज दुकान बंद करून घरी बसले आहेत, त्यांच्या हातातील डाग देण्याची कला या मुलांना मिळाली तर दोघांचेही भले होईल. प्रकाशकांनी व संस्थांनी आपल्या फ्लॉप्यांची मोजदाद करून, कोणत्या फॉन्टात काय आहे याची वही करावी, आणि चालू ड्राइव्ह असलेला एक तरी संगणक विकण्याचे थांबवावे.

घरगुती पातळीवर काळजी घ्यायची ती एवढीच. माळ्यावरून काढलेले यंत्र उत्सुकतेपोटी लगेच वीज देऊन सुरू करून पाहू नये. आधी झाकण उघडून बॅटरी असल्यास काढावी, वीजपुरवठा जाणकाराकडून वेगळा तपासून घ्यावा, सोबतच्या ध्वनिफिती व फ्लॉप्या कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, आणि यंत्र कोणी, कोणत्या साली, कशासाठी घेतले हे एका चिठ्ठीवर लिहून ती आत ठेवून द्यावी.