नवा ट्रान्समीटर केव्हा घ्यावा?

बिनतारी लहरींवर छोटी विमाने उडविण्याचा छंद आता केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत तर विमानांचे नमुने बनविणे आणि उडविणे हा शिक्षणाचाच भाग आहे. ज्या घरात हा छंद शिरतो, तिथे वर्षा-दोन वर्षांत एक वाद हमखास उठतो. पहिला ट्रान्समीटर चालत असताना मुलगा नवा मागतो, आणि वडील म्हणतात, ‘आहे त्याला काय झाले?’

प्रस्तुत लेखक विमानवाला नव्हे, पेटी शिकविणारा आहे. पण पेटीच्या बाबतीत हाच वाद त्याच्यासमोर वारंवार येतो, म्हणून चार शब्द लिहावेसे वाटतात.

पेटी बदलण्याची मागणी दोन प्रकारची असते. भाता हवा धरीत नाही किंवा एखादा सूर उतरला आहे, ही पहिली. तिथे एक दिवसही थांबू नये. खोट्या सुरावर बसलेला कान पुढे सहजी सुधारत नाही. दुसरी मागणी स्केल चेंजरची. काळी एकमधून काळी चारमध्ये बोटे फिरविण्याचा कंटाळा, हे तिचे खरे कारण असते. ती थोपवून धरण्यातच विद्यार्थ्याचे हित आहे.

ट्रान्समीटरलाही हेच लागू पडते. जुने संच २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालत, आणि प्रत्येकाची लहर त्यातल्या क्रिस्टलने ठरलेली असे. मैदानावर दोघांची लहर एकच निघाली, तर दोघांचे संदेश एकमेकांत मिसळत. १९५५ साली इंदूर केंद्र सुरू झाल्यापासून रेडिओची कळ फिरवीत आलेल्या आपल्या घरांना दोन केंद्रे एकाच जागी लागली की काय होते, हे सांगायला नको. फरक इतकाच की, इथे गाणे बिघडत नाही, विमान कोसळते. २.४ गिगाहर्ट्झचे संच मात्र बहुधा लहर सारखी बदलीत राहतात आणि त्यांचा रिसीव्हर आपलाच ट्रान्समीटर ओळखतो. आपल्याकडे हा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला. तेव्हा थोरल्या भावाचा जुना संच धाकट्याच्या हाती देऊन पैसे वाचविणे ही काटकसर नव्हे.

संच नवा असला तरी खुणा पाहाव्यात. हात न लावता विमानाचे सुकाणू थरथरते काय? दांडी सोडल्यावर नीट मध्यावर येते काय? संपर्क तुटताच मोटार आपोआप बंद होते काय? उत्तर विपरीत आले, तर आधी दुरुस्ती आणि ती जमत नसेल तर बदल, पण तोवर उड्डाण बंद. दीड किलोचे विमान वेगाने कोणाच्या डोक्यावर आले, तर तो खेळ राहत नाही.

याउलट जास्त चॅनेल, मोठा पडदा, बोलून सूचना देणारा आवाज या सोयी आहेत. साध्या विमानाला डावीउजवीकडे कलण्यासाठी, वर-खाली जाण्यासाठी, वळण्यासाठी आणि मोटारीसाठी असे चारच चॅनेल पुरतात. पाचवा-सहावा लागतो तो फ्लॅप किंवा आत ओढली जाणारी चाके असली तर. दोन-तीन विमाने झाली आणि प्रत्येक वेळी सगळी जुळणी नव्याने करावी लागू लागली, की जुळण्या लक्षात ठेवणारा संच घेणे रास्तच आहे.

खर्चाचा हिशेब मात्र आधी मांडावा. नवी पेटी आणली म्हणून कोणी तबला बदलत नाही. इथे एका कंपनीचा ट्रान्समीटर दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरशी सहसा जुळत नाही. घरात तीन विमाने असतील, तर तीन रिसीव्हर नवे आले. शिवाय मोटारीची दांडी डाव्या हाताला की उजव्या, ही बसलेली सवय मोडू देऊ नये. त्यापेक्षा आहे तोच संच तारेने संगणकाला जोडून पडद्यावर विमान उडवावे. तिथे शंभर वेळा पडले तरी एक पातेसुद्धा मोडत नाही, आणि आमच्या भाषेत बोलायचे तर रियाज होतो.

पालकांनी हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी एक रविवार मैदानावर घालवावा. मग मुलाला इतकेच विचारावे : ‘या संचामुळे तुझे काय अडले?’ अडलेले त्याला बोट ठेवून दाखविता आले, तर पैसे खुशाल द्यावेत.