मुकी झालेली घंटा

दर वर्षी १४ एप्रिलला देशभरातील अग्निशमन दले आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतात आणि त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्यांच्याच शेजारी स्फोटके होती. आग लागल्याचे दुपारी दोनच्या सुमारास जहाजावरील लोकांच्या ध्यानात आले आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिल्या महास्फोटाने अवघी मुंबई हादरली. आगीशी झुंजणारे मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या स्मृतीपुढे आपण दर वर्षी नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु या वंदनेबरोबर एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. अग्निशमन दलाचा जवान कितीही शूर असला, तरी त्याला कोणी हाक मारल्याशिवाय तो येऊ शकत नाही. ठिणगी पडल्याचा क्षण आणि ती हाक यांच्यात जो काळ जातो, त्यातच बहुधा जीवनमरणाचा निकाल लागलेला असतो. हा काळ कमी करण्याचे काम जवानाचे नव्हे. ते इमारतीच्या छतावर बसविलेल्या एका वाटीएवढ्या यंत्राचे आहे, आणि ते यंत्र जिवंत ठेवण्याचे काम आपले आहे. ते आपण करतो का?

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात १७ बालके होती. रात्री दीड-दोनच्या सुमारास कक्षातून धूर येत असल्याचे परिचारिकेला दिसले आणि मग धावपळ सुरू झाली. सात बालके वाचली. दहा गेली. ज्यांना स्वतःची कूस बदलता येत नव्हती, अशा जिवांच्या रक्षणाची पहिली सूचना यंत्राकडून नव्हे, तर माणसाच्या डोळ्यांना दिसलेल्या धुराकडून मिळावी, यापरते दुर्दैव कोणते? त्या घटनेनंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागात १३ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण गेले. एका वर्षात, एका राज्यात, तीन रुग्णालये! प्रत्येक वेळी चौकशी समिती नेमली गेली, मदत जाहीर झाली आणि प्रत्येक वेळी 'यापुढे असे होऊ देणार नाही' असे आश्वासन दिले गेले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगमधील ताई पो येथे वांग फुक कोर्ट या निवासी संकुलात आगीने आठपैकी सात इमारती गिळल्या आणि दीडशेहून अधिक रहिवासी मृत्युमुखी पडले. दुरुस्तीसाठी बांधलेल्या पराती, त्यांवरची जाळी, खिडक्यांवर लावलेला ज्वालाग्राही फोम अशी अनेक कारणे पुढे आली. पण त्यांत एक वाक्य असे होते की, ते वाचून उंच इमारतीत राहणाऱ्या कोणाचीही झोप उडावी. आठही इमारतींतील धोकासूचक यंत्रणा योग्य रीतीने कार्यरत नव्हत्या, असे तेथील अग्निशमन दलाच्या प्रमुखांनीच सांगितले. श्रीमंत आणि नियमांविषयी काटेकोर म्हणून ओळखले जाणारे ते शहर. तेथेही यंत्रणा भिंतीवर होती, घंटा मात्र मुकी होती.

फायर अलार्मचा हा एक मोठा दोष आहे, तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. नळाला पाणी आले नाही तर तासाभरात कळते. लिफ्ट बंद पडली तर पाच मिनिटांत समितीच्या अध्यक्षांचा फोन वाजतो. पण धूरशोधक बंद पडला तर काहीच होत नाही. चालू असलेला आणि मेलेला धूरशोधक दिसायला सारखेच असतात. त्याच्या आत प्रकाशाचा एक झोत सतत सोडलेला असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो आणि यंत्र इशारा देते. त्याच कक्षात वर्षानुवर्षे धूळ साचली, तर यंत्र विनाकारण ओरडू लागते किंवा धूर येऊनही गप्प राहते. रंगकामाच्या वेळी त्यावर चढविलेली प्लास्टिकची टोपी कामगार गेल्यावरही तशीच राहते. नियंत्रण पेटीतील बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षांत निकामी होतात, आणि आगीत अनेकदा सर्वांत आधी वीजच जाते! ज्या क्षणी बॅटरीची गरज, त्याच क्षणी ती दगा देणार.

नियंत्रण पेटी मात्र बिचारी प्रामाणिक असते. तार तुटली, धूरशोधक निघाला, बॅटरी उतरली की ती पिवळा दिवा लावते आणि बारीक आवाजात तक्रार करीत राहते. आपण काय करतो? रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून आवाज बंद करण्याचे बटण दाबतो. कित्येक इमारतींत तो पिवळा दिवा महिनोन्महिने जळत असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो तुळशीपुढच्या दिव्यासारखा सवयीचा होऊन जातो. काही ठिकाणी तर पेटीचा वीजपुरवठाच काढून टाकलेला असतो. आजारी माणसाने कण्हू नये म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसा हा उपचार!

कायद्याचा अभाव आहे, अशी सबब येथे सांगता येणार नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत 'नमुना ब' हे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करणे बंधनकारक आहे. यंत्रणेची निवड, उभारणी आणि देखभाल कशी करावी, यासाठी आय. एस. २१८९ हे भारतीय मानक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग सर्वस्वी अग्निसुरक्षेला वाहिलेला आहे. शास्त्र आहे, कायदा आहे, तंत्रज्ञही आहेत. उणीव आहे ती अनुशासनाची.

या अनुशासनाच्या अभावी प्रमाणपत्र हीच एक वस्तू बनली आहे. तपासणी व्हावी आणि तिचा पुरावा म्हणून कागद मिळावा, हा मूळ हेतू. व्यवहारात मात्र कागद मिळाला की तपासणी झाली असे मानले जाते. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम द्यायचे, त्याने खालच्या मजल्यावर एक बटण दाबून पाहायचे, सचिवांनी चहा पाजायचा आणि कागद फायलीत लावायचा. यात फसवणूक कोणाची होते? अग्निशमन अधिकाऱ्याची नव्हे. तो त्या इमारतीत झोपत नाही. फसतात ते सही करणाऱ्यांचेच आईवडील आणि मुले.

खर्चाचा मुद्दा पुढे केला जातो. ज्या गृहनिर्माण संस्थेत प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणाचा ठराव पाच मिनिटांत एकमताने मंजूर होतो, तेथे बॅटऱ्या बदलण्याचा विषय तीन सभांपर्यंत लांबतो, हे चित्र आमच्या वाचकांना अपरिचित नसावे. दुसरी तक्रार खोट्या इशाऱ्यांची. ती मात्र खरी आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वारंवार विनाकारण घंटा वाजली, तर लोक उठेनासे होतात. परंतु त्यावरचा उपाय राखणदाराचे तोंड बंद करणे हा नाही. स्वयंपाकघराजवळ धूरशोधकाऐवजी उष्णताशोधक बसवावा, साचलेली धूळ काढावी, जुने यंत्र बदलावे. खोटा इशारा हे देखभाल चुकल्याचे लक्षण आहे. लक्षण दडपून रोग बरा होत नाही.

मग प्रामाणिक चाचणी म्हणजे काय? ती समजायला अभियंता असावे लागत नाही. नियंत्रण पेटीवर रोज एकदा नजर टाकायची. पिवळा दिवा दिसला तर त्याची नोंद करायची आणि त्याच दिवशी संबंधितांना कळवायचे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, सर्वांना आधी सांगून एक हातकळ दाबून घंटा वाजवायची आणि प्रत्येक आठवड्याला निराळी कळ घ्यायची. वीस कळा असतील तर वीस आठवड्यांत सर्व तपासून होतात. तीन महिन्यांनी तंत्रज्ञाने वीजपुरवठा तोडून केवळ बॅटरीवर घंटा वाजते का, हे पाहायचे. वर्षातून एकदा, प्रत्येक धूरशोधकापाशी जाऊन, चाचणीच्या धुराने तो खरोखर जागा होतो का, हे तपासायचे. इशारा मिळताच लिफ्ट खाली येऊन दार उघडते का, वातानुकूलनाचे पंखे थांबतात का, हेही त्याच वेळी पाहायचे. आणि एक गोष्ट अजिबात विसरायची नाही. घंटा जिन्यात ऐकू येणे पुरेसे नाही; बंद दाराआड झोपलेल्या माणसाला जागे करायचे, तर त्याच्या उशाशी ७५ डेसिबल आवाज पोहोचायला हवा, असे मानक आहे. झोपेत माणसाला धुराचा वास जागे करीत नाही. ज्वाळा पोहोचण्याआधीच कार्बन मोनॉक्साइड आपले काम उरकतो.

हे सारे एका वहीत लिहावे. तारीख, वेळ, कोणती कळ, कोणी तपासली, काय बिघाड आढळला आणि तो कधी दूर झाला. ही वही समितीच्या कपाटात न ठेवता कोणाही रहिवाशाला पाहता येईल अशी ठेवावी. 'नमुना ब'साठी तपासणी होईल तेव्हा दोन रहिवाशांनी तंत्रज्ञासोबत मजलेनमजले फिरावे आणि त्या वहीत सही करावी. ज्या कागदावर आपल्या मुलाबाळांचे प्राण अवलंबून आहेत, त्यासाठी सहा महिन्यांतून अर्धा दिवस देणे कोणाला जड वाटू नये.

शासनाकडेही आमचे मागणे आहे. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयाला आग लागली आणि पाच जणांचा बळी गेला. अग्निसुरक्षेचा कायदा लागू होऊन तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती. जो कायदा करतो, त्यानेच तो प्रथम पाळला पाहिजे. प्रत्येक शासकीय रुग्णालय, वसतिगृह आणि कार्यालय यांचे चालू सहामाहीचे प्रमाणपत्र प्रवेशद्वारापाशी, सामान्य माणसाला वाचता येईल अशा मराठीत लावले जावे. यंत्रणा उभारण्यासाठी निधी मिळतो, उद्घाटन होते, छायाचित्र निघते. देखभालीच्या तरतुदीचे मात्र छायाचित्र निघत नाही, म्हणून ती मागे पडते. खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा परवाना रद्द व्हावा आणि त्या संस्थेचे नाव जाहीर व्हावे. पहिल्या दोन-चार कारवायांनंतर बाकीच्यांना शहाणपण येण्यास वेळ लागणार नाही.

परंतु सर्व भार शासनावर टाकून मोकळे होणे हा आपला स्वभाव असता कामा नये. नागरी कर्तव्य म्हणजे केवळ मतदान आणि करभरणा नव्हे. शेजाऱ्याच्या झोपेची काळजी हेही कर्तव्यच आहे. वस्त्यावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा, असे आम्ही आवर्जून सुचवितो. आपल्या इमारतीपासून आरंभ करावा, मग शेजारच्या शाळेत, वसतिगृहात, मंगल कार्यालयात, इस्पितळात जावे आणि विनम्रपणे एकच प्रश्न विचारावा, 'आपली घंटा शेवटची कधी वाजवून पाहिली?' उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर तेथे काम आहे असे समजावे. यासाठी मोर्चा लागत नाही, देणगी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

घर पेटल्यावर विहीर खणायला निघणाऱ्या माणसाचे उदाहरण आपल्या सुभाषितकारांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. आपण त्याच्यापेक्षाही पुढे गेलो आहोत. आपण विहीर आधीच खणली, तिच्यावर खर्च केला, तिचे प्रमाणपत्रही घेतले. तिच्यात पाणी आहे का, हे मात्र कधी वाकून पाहिले नाही. भंडाऱ्याची ती दहा बालके आता परत येणार नाहीत. त्यांच्यासाठी आपण आता काही करू शकत नाही. मात्र आज रात्री घरी जाताना आपल्या इमारतीच्या नियंत्रण पेटीसमोर क्षणभर थांबून, तेथे कोणत्या रंगाचा दिवा जळतो आहे, एवढे पाहणे आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. तेवढे तरी आपण करू या.