काम मागायची लाज

'पंचायत' मालिकेतली मंजूदेवी तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या ओळखीची असेल. नावाला गावची प्रधान, आणि कारभार मात्र नवऱ्याच्या हाती! ती भूमिका करणाऱ्या नीना गुप्ता यांचे 'सच कहूं तो' हे आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नाव हिंदी, पुस्तक इंग्रजी. पण इंग्रजी इतके सोपे, समोर बसून बोलल्यासारखे, की डिक्शनरी उशाशी घ्यावी लागत नाही. आमच्या भिशीत ते सध्या या घरून त्या घरी फिरते आहे आणि प्रत्येकीने त्यातले निराळेच पान दुमडून ठेवले आहे.

बहुतेकींनी आधी कुठले पान उघडले हे सांगायला नकोच. क्रिकेटपटू व्हिव्हियन रिचर्ड्स आणि नीनाबाई यांची मुलगी मसाबा १९८९ मध्ये जन्मली, आणि दोघांचे लग्न झालेले नव्हते. त्याबद्दल काही चटकदार वाचायला मिळेल म्हणून पुस्तक हाती घ्याल तर थोड्या निराश व्हाल. त्या दारापाशी बाई आपल्याला उभ्या करतात, आत फारसे नेत नाहीत. मला ते आवडले. खरे सांगायचे म्हणजे सगळेच सांगायचे असे थोडेच असते?

जे सांगतात ते मात्र आडपडदा न ठेवता. वडिलांचा दुसरा संसार होता, हे लिहितात. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली ही मुलगी 'खलनायक'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या सेटवर उभी राहते आणि दिग्दर्शकाला तिची छाती भरदार दिसत नाही म्हणून कपड्यात भर घालायला लावतात, तेही लिहितात. गरोदर असताना अभिनेते सतीश कौशिक यांनी मित्र म्हणून लग्नाची तयारी दाखवली होती, तो प्रसंग तर वाचताना घशाशी आवंढा येतो. कौशिक २०२३ मध्ये गेले. असा मित्र एखादीलाच मिळतो.

पण मी जे पान दुमडले ते यातले नव्हे. ते २०१७ सालचे.

तोवर नीनाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या होत्या. अभिनयासाठी नव्वदीच्या दशकातच राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, 'सांस'सारखी मालिका स्वतः लिहून, दिग्दर्शित करून, तीत कामही केलेले. २००८ मध्ये विवेक मेहरा यांच्याशी लग्न झाले, दिल्लीला राहणे झाले, आणि लोकांनी परस्पर ठरवून टाकले की बाईंनी आता काम सोडले. मग एक दिवस त्यांनी इन्स्टाग्रामवर आपला फोटो टाकला आणि खाली लिहिले : मी मुंबईत राहते, काम करते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिका शोधते आहे. बस, एवढेच. पुढच्याच वर्षी 'बधाई हो' आला. पन्नाशीच्या आसपास दिवस गेलेल्या आणि मोठ्या मुलांसमोर संकोचून जाणाऱ्या आईची ती भूमिका आपण सगळ्यांनी पाहिली. 'ऊंचाई'मधल्या कामासाठी २०२४ मध्ये पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

आपल्याकडे चाळिशी उलटली की 'आहे त्यात समाधान मानावे' असे सांगतात आणि त्यालाच स्वतःला स्वीकारणे म्हणतात. सुरकुत्या स्वीकारा, सुटलेले पोट स्वीकारा, मुले विचारत नाहीत हेही स्वीकारा! नीनाबाईंचे स्वीकारणे या जातीचे नाही. मला अजून भूक आहे, मला येते आणि मला हवे आहे, हे त्यांनी स्वतःशी कबूल केले आणि मग चारचौघांत सांगितले.

भिशीत यावरून थोडी चकमकही झाली. लग्नाशिवाय मूल होऊ देणे मी पुन्हा करणार नाही, मुलाला आईवडील दोन्ही लागतात, असे नीनाबाई २०२० मध्ये मुलाखतीत म्हणाल्या होत्या. "मग तेव्हा इतका धीर दाखवला कशाला?" असे एकीचे म्हणणे. मला यात विसंगती दिसत नाही. मुलीचा अभिमान वाटतो आणि ती वाट फार जड गेली, ही दोन्ही वाक्ये एकाच बाईची असू शकतात.

मराठीत हा धीटपणा फार आधी आला. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' १९७० साली पुस्तकरूपाने आले. स्वतःची बाजू सावरून न घेता त्या बोलल्या. पण त्यांना पुढचा डाव मिळाला नाही. १९७१ मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, त्या गेल्या.

आता आपले. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत नोकरीची चौकशी करायला बायका येतात. पदवी असते, हुशारी असते, पण पहिले वाक्य ठरलेले : "मुलं मोठी झाली, वेळ जात नाही हो." वेळ घालवायला आलेल्या बाईला पगारही मग तसाच सांगतात! 'मला काम हवे आहे' हे शब्द ओठांवर येत नाहीत. घरात काही कमी आहे असे लोकांना वाटेल, ही भीती.

माझ्या मोठ्या जाऊबाई एम. कॉम. आहेत, वय सेहेचाळीस, बावीस वर्षे घरी. पुस्तक वाचून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, मलाही तसं लिहून दे." मी म्हटले, तुम्हीच लिहा. कुठले काम, किती वेळ, किती पैसे, आणि काय येत नाही, एवढे लिहिले की पुरे. त्यांनी व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवल्या : हिशेबाचे काम हवे, सकाळी अकरा ते तीन, टॅली येते, जीएसटीचे शिकते आहे, आणि महिन्याचा आकडा. आमचे मोठे दीर दोन दिवस घुश्शात होते. "मी कमी पडतोय का?" असे विचारून झाले. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही नाही हो, मला काम कमी पडतंय."

आज त्यांच्याकडे दोन दुकानांचे हिशेब आहेत. एकाचे पैसे पहिल्या तारखेला येतात. दुसरा दुकानदार तीन महिने "देतो की वहिनी" म्हणतो आहे, आणि काम धीटपणे मागणाऱ्या जाऊबाई पैसे मागताना पुन्हा अडखळतात. तुमच्यापैकी कुणी असे अडकलेले पैसे वसूल केले असतील तर नेमके काय बोललात ते कळवा. पुढच्या अंकांत छापू.