स्ट्रोकमध्ये मेंदूचे रसायन मोजणारा स्कॅन : उपयोग किती, घाई किती?

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून स्ट्रोक (पक्षाघात) झाला, तर उपचाराला किती वेळ उरला आहे हे डॉक्टर बरीच वर्षे घड्याळ बघून ठरवत असत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे, हा नियम त्यातूनच आला. २०१८ मध्ये ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज ३’ हे अभ्यास प्रसिद्ध झाले. स्कॅनमध्ये वाचवता येण्याजोगा भाग दिसत असेल, तर निवडक रुग्णांत अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत गुठळी काढून फायदा होतो, हे त्यांनी दाखवले. आता ‘किती वाजता झाले?’ याबरोबरच ‘मेंदूचा किती भाग अजून जिवंत आहे?’ हेही विचारले जाते.

एमआर स्पेक्ट्रोस्कोपी याच प्रश्नाचे उत्तर शोधते. एमआरआयच्याच मशीनवर, इंजेक्शन किंवा एक्स-रेशिवाय, ती मेंदूतली रसायने मोजते. त्यातली दोन इथे महत्त्वाची. लॅक्टेट निरोगी मेंदूत जेमतेम दिसते. ऑक्सिजन तुटला की काही मिनिटांत वाढते. एनएए मुख्यतः चेतापेशींत असते. पेशी मरू लागल्या की कमी होत जाते. लॅक्टेट वाढलेले, पण एनएए टिकून असेल, तर तो भाग संकटात आहे, पण कदाचित अजून वाचू शकेल.

मग ही तपासणी सगळीकडे का होत नाही? या रसायनांचा सिग्नल पाण्याच्या सिग्नलपेक्षा हजारो पटींनी क्षीण असतो. त्यामुळे वेळ लागतो आणि रुग्ण हलला की माहिती बिघडते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विकसित झालेल्या ‘स्पाइस’ पद्धतीने मेंदूचा रासायनिक नकाशा काही मिनिटांत मिळू लागला आहे. शांघायमध्ये ती स्ट्रोकच्या रुग्णांवर वापरून पाहिली गेली. प्रगती मोठी आहे. पण मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. म्हणजे आठ मिनिटे जादा गेली, तर सुमारे दीड कोटी पेशी! नवी तपासणी त्या मिनिटांची किंमत भरून काढते, हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध व्हायला हवे.

तोपर्यंत तुम्ही काय करावे? स्ट्रोकच्या वेळी ‘हा स्कॅनही करा’ असा आग्रह धरू नका. सीटी स्कॅन आणि गरजेप्रमाणे रक्तवाहिन्यांची तपासणी किंवा एमआरआय, यांवर आज उपचार ठरतात. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका; स्ट्रोक रक्तस्रावाचा असेल तर ती घातक ठरू शकते. लक्षणे आपोआप गेली तरी रुग्णालय टाळू नका.

मशीन कितीही हुशार झाले, तरी रुग्ण त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचवणे घरच्यांच्याच हातात आहे.