वाड्यातले कागद कोणाचे?

इतिहासाच्या पुस्तकांत जमीनदार येतो तो नावगाव आणि वंशावळीसह. कुळे मात्र येतात ती घाऊक, ‘रयत’ या एका शब्दात. आयर्लंडमधील स्ट्रोक्सटाऊन येथील मॅहन घराण्याची हकीकत वाचताना हा भेदभाव फार जाणवतो.

रॉसकॉमन काउंटीतील ही जमीन सतराव्या शतकात, क्रॉमवेलच्या स्वारीनंतर मॅहनांकडे आली. पुढे तेथे टोलेजंग वाडा उभा राहिला. नोकरांची ये-जा मालकांच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्याखाली भुयारी वाट काढलेली होती! १८४५ मध्ये मेजर डेनिस मॅहन मालक झाला आणि त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला. कुळांचे सारे जीवन त्या एका पिकावर. खंड थकले. कारभाऱ्याने हिशेब मांडला : कुळांना अनाथालयात पोसण्यापेक्षा जहाजाचे भाडे भरून कॅनडाला धाडणे स्वस्त. १८४७ मध्ये सुमारे १,४९० माणसे कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत पायी गेली. तेथून लिव्हरपूल आणि पुढे क्वेबेक. त्यांतल्या अनेकांना नेणाऱ्या ‘व्हर्जिनियस’ जहाजावर ४७६ उतारू होते. १५८ वाटेतच मेले. २ नोव्हेंबर १८४७ रोजी मॅहनची गोळ्या घालून हत्या झाली.

पुढे १९२० च्या सुमारास आयर्लंडमध्ये असे अनेक वाडे जाळले गेले. तो संताप मी समजू शकतो. परंतु स्ट्रोक्सटाऊनचा वाडा वाचला, हे कुळांच्याच दृष्टीने बरे झाले असे माझे स्पष्ट मत आहे. १९७९ मध्ये तो विकला गेला, तेव्हा आत कागदपत्रांचा ढीग सापडला. त्यात क्लूनाही गावच्या कुळांचा ऑगस्ट १८४६ चा अर्ज होता. आमची मुलेबाळे उपाशी आहेत, काम द्या. कायदा मोडण्याची आमची इच्छा नाही, मात्र भुकेने भाग पाडले तर गोष्ट वेगळी, असा त्याचा आशय. वाडा जळता तर जमीनदाराची तसबीर इतरत्र कोठेतरी राहिली असती. हा अर्ज मात्र कायमचा गेला असता.

माझ्या आजोबांनी जन्मभर अंगठाच उठवला. त्यामुळे गरिबाचे म्हणणे बहुधा दुसऱ्याच्याच दप्तरात सापडते, हे मला निराळे सांगावे लागत नाही. काही जण म्हणतील, वाडे जपणे म्हणजे जुलमाला हार घालणे. तसे मुळीच नाही. १९९४ मध्ये त्याच आवारात दुष्काळाचे संग्रहालय उघडले. तेथे मालकाचा हिशेब आणि कुळांचा अर्ज दोन्ही एकाच छपराखाली आले.

तेव्हा मित्रहो, कोणत्याही वाड्याचा इतिहास वाचताना दिवाणखान्यात रेंगाळू नका. दप्तराची खोली कोठे आहे ते आधी विचारा. तेथे मालकाच्या नावाच्या खात्यात, मालकाच्या शाईने, आपल्यासारख्यांचे पूर्वज नोंदलेले असतात. त्यांना नावानिशी बाहेर काढणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले काम आहे.