मोटारीतील ऊब

रत्नागिरीकरांस थंडी म्हणजे काय, हे सांगून समजावयाचे नाही. पौषातल्या पहाटे एखादी गोधडी अंगावर ओढली की आमची थंडी आटोपली. अशा गावी राहून कोणी मोटारीत हीटर बसविण्याची भाषा करू लागला, तर ऐकणारा प्रथम त्याच्या प्रकृतीचीच चौकशी करील. परंतु आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस हाच प्रश्न घातला, आणि त्याच्या निमित्ताने जे निघाले ते वाचकांपुढे, विशेषतः भगिनीवर्गापुढे, ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या स्नेह्यांजवळ फोक्सवॅगनची जुनी व्हॅन आहे. जर्मनीत १९५० साली ही गाडी निघू लागली. हिचे इंजिन मागच्या बाजूस असते व ते पाण्याने नव्हे, तर वाऱ्याने थंड होते. आत बिछाना, कपाट व शेगडीचा ओटा बसविला की चाकांवरचे बिऱ्हाडच तयार. १९६० नंतरच्या दहापंधरा वर्षांत युरोपातील तरुण मंडळी असल्या गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल असे मजल दरमजल करीत गोव्यापर्यंत येत. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली व त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, तेव्हा ती वाट बंद पडली. आपली गाडी त्याच वाटेने आली, असे आमचे स्नेही पाहुण्यांस छातीठोकपणे सांगतात. आम्ही वाद घालीत नाही.

आता सहकुटुंब मनालीवरून लेहला जावयाचे त्यांच्या मनात आले. वाटेतील बारालाचा खिंड ४,८०० मीटरांहून उंच आहे, आणि तेथे ज्येष्ठ-आषाढातही रात्री पाणी गोठावयाच्या बेतास येते. तेव्हा ऊब हवीच.

पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत हे काम सोपे असते. इंजिनातले कढत पाणी एका लहान जाळीतून फिरवावे व तीवरून वारा सोडावा, की झाले. या व्हॅनमध्ये पाणीच नाही. म्हणून तिच्या कर्त्यांनी दुसरी युक्ती योजिली. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांभोवती त्यांनी पत्र्याची पेटी बसविली. इंजिनाचा पंखा तिच्यातून हवा ढकलतो, आणि तापलेली हवा गाडीच्या पोटाखालच्या लांब नळातून पुढे जाते. पुढे पोचेपर्यंत ती बरीचशी निवते, ही त्या गाडीबद्दलची जुनीच कुरकुर आहे. शिवाय इंजिन चालू असेल तोवरच ऊब. रात्री निजल्यावर काही नाही.

हे ज्यांस अवघड वाटेल त्यांनी आपला बंब आठवावा. मधल्या नळीत सोडणे, करवंट्या जळतात, भोवती पाणी तापते. पण धूर पाण्यात मिसळत नाही, कारण मध्ये तांब्याची भिंत आहे. मोटारीतल्या पेटीचे तत्त्व हेच, फक्त पाण्याच्या जागी हवा. भेद आहे तो बिघाडाचा. बंबाची नळी झिजली तर पाणी विस्तवावर गळते व घरात सर्वांस कळते. मोटारीतली नळी झिजली तर धूर आतल्या हवेत मिसळतो, आणि त्यातील सर्वांत घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, याला रंग नाही, वास नाही. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो आणि आत गुदमरत असतो.

मांडवीच्या बाजूस ज्यांची घरे आहेत त्यांस खारा वारा लोखंडाचे काय करतो हे सांगावयास नको. खिडकीचे गज दहा वर्षांत सोलून निघतात. तोच वारा या गाडीच्या पोटाखालून वर्षानुवर्षे वाहत होता. हीटर कधी लागलाच नाही, म्हणून त्याकडे कोणी पाहिलेही नाही. मार्गशीर्षात ही मंडळी महाबळेश्वरी निघाली. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना गारठा वाटू लागला, तेव्हा काचा लावून प्रथमच हीटरची कळ ओढली. अर्ध्या घाटात धाकटी मुलगी डोके दुखते म्हणू लागली, मग ओकली, मग झोपी गेली. "घाट लागला तिला," असे सर्वांनी ठरविले. पुढे परत आल्यावर मिस्त्रीने पेटी उतरविली, तेव्हा आतली नळी बोट जाईल इतकी फुटलेली होती. त्या संध्याकाळी आमचे स्नेही आमच्याकडे आले ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

येथेच हिमालयातला खरा धोका आहे. विरळ हवेने डोके दुखते, मळमळते, झापड येते. या वायूनेही नेमके तेच होते. घाटात ज्याला आपण 'घाट लागला' म्हणतो, त्याला तेथे 'उंची लागली' म्हणावयाचे आणि कूस बदलून निजावयाचे. त्यात तेथे प्राणवायू मुळात तोकडा, आणि जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरच्या इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल अधिक पडून हा वायू अधिक उत्पन्न होणारा.

स्नेह्यांच्या मातोश्रींनी यावर तोडगा सुचविला. "अरे, एवढी यंत्रे कशाला? कोळशाची शेगडी घ्या बरोबर. तुझ्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवस ठेवली होती." "आणि दार?" आम्ही विचारले. "दार बंद. वारा लागता कामा नये ना!" मग त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "डोके मात्र फार दुखे हो. मला वाटे, बाळंतपणाचेच." उत्तरेकडे हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशी बातमी दरसाल येते. निखारा धूर देत नाही म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही.

अखेर स्नेह्यांनी जुन्या पेटीचे तोंड कायमचे बंद केले व स्वतंत्र हीटर बसविला. हे यंत्र डिझेलवर चालते. ही गाडी पेट्रोलची, म्हणून त्यास लहानशी निराळी टाकी लागली. जाळावयाची हवा ते गाडीखालून घेते व धूर गाडीखालीच सोडते. आतली हवा केवळ त्याच्या तापलेल्या अंगावरून फिरून परत येते. पेटताना त्यास बरीच वीज लागते, तेव्हा त्याकरिता दुसरी बॅटरी ठेवावी, नाही तर सकाळी इंजिन चालू व्हावयाचे नाही. धुराची नळी खिडकीखाली काढू नये, आणि बर्फ पडल्यास ती बुजली नाही ना, हे निजण्यापूर्वी उतरून पाहावे. विरळ हवेत त्यात काजळी धरते, म्हणून उंचीप्रमाणे डिझेल कमी करण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे. पत्र्याच्या आतून जाड अस्तर व काचांस लोकरी पडदे लावल्याने हीटरचे काम निम्मे हलके होते. खरे तर आरंभ तेथूनच करावयाचा.

याशिवाय या वायूची सूचना देणारी एक लहान डबी मिळते. तो वायू वाढला की ती कर्कश ओरडते. स्नेह्यांनी ती उशाशी, धाकटीच्या बिछान्याच्या उंचीवर बसविली. मातोश्रींनी ती एकदा वाजवून पाहावयास लावली, आणि मग शेगडी स्वतःच माजघरात परत नेऊन ठेवली.